घड्याळवाल्यांचं नाक

मनगटी घड्याळातला स्क्रू तिळाहून बारीक असतो. शिंक त्याहून फार मोठी असते.

०

न्हाव्याला गिऱ्हाईक आवडलं नाही की ते गेल्यावर तो खुर्चीमागे उदबत्तीची एक काडी लावतो. आवडलं तरी लावतो. गिऱ्हाइकांना यातला फरक कळत नाही.

०

नागरमोथा ही एक काळपट मुळी असते. कुटली की बरेच दिवस बंद असलेलं लाकडी कपाट उघडल्यासारखं वाटतं.

०

पुड्यावर हंस आहे. छापणाऱ्यानं मान आखूड केली, म्हणून लोक “बदकवाली द्या” म्हणतात. दुकानातला सगळ्यात स्वस्त पुडा तोच.

०

रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला गुंडाळला की माणूस निमूट बसतो. तापट माणूससुद्धा.

०

घसा : कोळसा जास्त.
डोळे : अत्तर जास्त.
शर्ट : जमलं.

०

तर झालं असं.

रस्त्यालगत घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकानाला लागून वर जाणारा अरुंद जिना. जिन्याच्या डोक्यावर दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत बदकवाल्या उदबत्तीचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं. पुढच्या खोलीत मसाला मळायची परात, काड्या वळायचे पाट आणि सुकवायच्या जाळ्या; मागच्या खोलीत घर. मधे पडदा होता, पण वास पडद्याला जुमानत नाही. चहाला तोच वास, उशीला तोच, अंगाच्या साबणालाही तोच. बाहेरचा माणूस दारात पाऊल टाकताच म्हणायचा, “वा, काय सुगंध आहे!” आणि घरातली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. कुठला सुगंध?

कारण त्या घरात कोणालाच वास येत नसे. सासूबाईंचं नाक तर कधीच कामातून गेलं होतं. दूध करपलं तर त्यांना ते धूर दिसल्यावर कळायचं. काड्या वळायला येणाऱ्या मावशी म्हणायच्या, “माझं नाक आता चष्मा टेकवण्यापुरतंच.” आणि धंदा तर वासाचा. आचारी आंधळा असला तरी चाखून बघतो. इथं चाखायचं कशानं?

म्हणून एक पद्धत पडून गेली होती. कधीपासून, ते कोणाला सांगता आलं नसतं. नवा मसाला मळला की त्यातली एक बारीक काडी वळायची, तव्याच्या उबेवर सुकवायची, जिन्याच्या कठड्याला एक भेग होती तीत खोचून पेटवायची, आणि सगळ्यांनी वर येऊन श्वास रोखून उभं राहायचं. धूर आधी थोडा घुटमळायचा. मग जिन्यातला वारा त्याची मानगूट धरून त्याला खाली, थेट घड्याळवाल्यांच्या दुकानात नेऊन सोडायचा.

घड्याळवाले काका हे खवट गृहस्थ. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर कोणाच्या तरी घड्याळाचं पोट उघडलेलं. आणि अशा वेळी वरून धूर. मग जे काही वर यायचं ते साऱ्या गल्लीला ऐकू जायचं.

“घसा बसला माझा! माणसं राहतात की नाही इथं?”

वर सासूबाई मान हलवायच्या. “कोळसा जास्त झालाय. जिगट वाढवा.” जिगट म्हणजे मसाल्याला काडीशी धरून ठेवणारी चिकट सालीची पूड.

“डोळ्यांतून धारा लागल्यात! काटे दोनाचे चार दिसतात!”

“अत्तर आवरा,” सासूबाई म्हणायच्या.

आणि कधीतरी, सगळं नीट जमलेलं असलं की, थोड्या उशिरानं, जरा खालच्या पट्टीत यायचं : “शर्ट! शर्टाला चिकटतो हा वास! धुतला तरी जात नाही! घरी गेलो की बायको विचारते, कुठं बसून आलात!”

हे आलं की वर मावशी पाट मांडायला घ्यायच्या. बदकवालीची सारी किंमत त्या शर्टात होती. भारी डब्यातली उदबत्ती लावल्या लावल्या वाहवा मिळवते, आणि विझली की तिचं कोणाला नाव आठवत नाही. बदकवाली लावताना कोणी नाक वर करून बघतही नाही. पण दुसऱ्या दिवशी पडदा सरकवावा, तर ती घड्यांमधून हळूच बाहेर येते. लोक ते बोलून दाखवत नाहीत. पुढचा पुडा तेवढा मागतात.

काकांना यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. त्यांची समजूत एवढीच, की वरची माणसं बेपर्वा आहेत.

०

परातीला हात

मोठी जाऊ परगावी, म्हणून घरातली ही सून धाकटी. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचं काम पुडे भरणं. काड्या मुठीत धरायच्या, टोकं टेबलावर आपटून सारखी करायची, पुड्यात सरकवायची, बदक बाहेर दिसेल असं चिकटवायचं. परात तिची नव्हती. परात सासूबाईंची. मसाला मळताना सासूबाई कोपरापर्यंत काळ्या व्हायच्या आणि एखाद्या राणीसारख्या दिसायच्या. धाकटीला ते कोपर हवे होते. दागिने, साड्या, वेगळं बिऱ्हाड, तिनं कशाचाच कधी हट्ट धरला नाही. परात मात्र तिच्या मनातून जात नव्हती.

यंदा सासूबाईंच्या मनगटांनी राम म्हटला. परात घट्ट होत आली की हात थांबायचे. झालं. नवऱ्यानं एका सकाळी पिशवीतून कोऱ्या काड्यांचा गठ्ठा काढून मधोमध ठेवला.

“यंत्रावरच्या आहेत,” तो म्हणाला. “कोळसा आणि भुसा लावून तयार. वास नसतो. आपण फक्त अत्तरात बुडवायच्या, वाळवायच्या, पुड्यात घालायच्या. मळणं नाही, वळणं नाही, मनगटं नाहीत.”

“आणि दुसऱ्या दिवशी पडद्याला काय येणार?” सासूबाई म्हणाल्या.

“आई, पडदे हुंगत कोण बसतंय?”

“आपली गिऱ्हाइकं.”

“आपल्या गिऱ्हाइकांना बदक पुरे आहे.”

तेव्हा धाकटी तोंड उघडून म्हणाली, “मी मळते की.”

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मावशींनीही पाहिलं. मावशींना खरं तर बघायचं काही कारण नव्हतं, पण बुडवाबुडवी सुरू झाली की त्यांच्या पाटाला सुट्टी, हे त्यांना चटकन उमगलं होतं.

सासूबाईंनी निवाडा केला. एक परात धाकटीनं मळायची. खालून शर्ट आला तर परात तिची, कायमची. नाही आला तर गठ्ठ्याची सुतळी सोडायची आणि अत्तराच्या बादल्या आणायच्या. नवऱ्याला हे पटलं, कारण त्याच्या मते मसाला कुणाच्या बापाला पहिल्या फटक्यात जमत नाही.

“आणि ओला मसाला दिवस मावळेपर्यंतच हाती येतो, बरं का,” सासूबाई म्हणाल्या. “नंतर दगड.”

धाकटीनं पदर खोचला आणि बसली. कोळशाची पूड, जिगट, वाळा, राळ, लोबान, सगळं मुठीच्या मापानं. सासूबाई पलंगावरून एकेक नाव घेत होत्या आणि डोळे मिटून ऐकत होत्या, जणू पूड पडल्याचाही आवाज येतो. नागरमोथा एक मूठ. धाकटीनं मूठ भरली, आणि तेवढ्यात फडताळावर नवऱ्याचा फोन वाजला. नवरा बाहेर. सासूबाई म्हणाल्या, “बघ गं, मघापासून कोणीतरी पेटलंय.” धाकटीनं कोपरानं फोन दाबला. कोऱ्या काड्यांचा दलाल होता. “ताई, माल कधी पाठवू?”

“पाठवू नका,” धाकटी म्हणाली.

“साहेब तर म्हणाले, आजच सांगतो म्हणून.”

“साहेब बाहेर गेलेत. मी आत आहे.”

फोन बंद करून ती वळली, जोरात एक मूठ नागरमोथा परातीत टाकला, पाणी शिंपडलं, मळायला घेतलं, आणि चार फेऱ्यांनंतर तिचे हात थांबले. फोनच्या आधी भरलेली ती मूठ? ती परातीत पडली होती का डब्यात परत गेली होती? की फोनला हात लावण्यापूर्वीच...

एकदा पडला, की दोनदा?

पूड सगळी काळी. विचारायचं कोणाला? नाकाला विचारावं तर नाक या घरात येऊन केव्हाच परकं झालेलं. सासूबाईंना सांगावं, तर परात गेलीच म्हणून समजायचं. तिनं मनाची समजूत घातली : काका आहेत ना. बिघडला असेल तर काका गप्प बसायचे नाहीत.

०

पहिली काडी

काका गप्प बसले.

काडी भेगेत खोचली, पेटवली. धूर घुटमळला, वळला, खाली गेला. वर चौघं एका ओळीत उभी. काडी पाव जळली. निम्मी जळली. खालून पटकन एक टिचकी वाजल्यासारखा आवाज आला, सगळ्यांनी माना पुढे काढल्या. पण ते कोणाच्या तरी घड्याळाचं झाकण होतं. राख वाकली, पडली. काडी संपली.

“घसासुद्धा नाही?” मावशी हळूच म्हणाल्या.

“म्हणजे मसाला मेला,” सासूबाई म्हणाल्या. “चांगलं नाही, वाईट नाही. नुसतं जळकं लाकूड.” त्या पलंगावर जाऊन बसल्या. रागावल्या असत्या तर धाकटीला बरं वाटलं असतं.

नवऱ्यानं गठ्ठ्याची सुतळी सोडायला घेतली. चेहऱ्यावर दुःख ठेवायचा त्यानं प्रामाणिक प्रयत्न केला.

“थांबा हो,” धाकटी म्हणाली. “काका दुकानात तरी आहेत का? बघून येते.”

काका दुकानात होते. भिंग डोळ्याला, चिमटा हातात. शेजारी स्टुलावर त्यांची लेक, मोठ्या दवाखान्यातली परिचारिका, रजा घेऊन माहेरी आलेली. आणि तिच्या मांडीवर, पाळीव मांजरासारखं, रक्तदाबाचं यंत्र.

“या, वहिनी, या,” काका म्हणाले.

धाकटीचा हात चौकटीवरच राहिला. या माणसानं तिला आजवर ‘वरची’ याखेरीज काही म्हटलं नव्हतं.

“काका, ते... धूर आला का खाली?”

“आला असेल. येऊ दे की. धूरच तो.”

“त्रास नाही ना झाला?”

काकांच्या मानेवरची एक शीर जागी झाली. लेकीनं यंत्राचा पट्टा नुसता उलगडला. शीर झोपली.

“छान वास होता,” काका म्हणाले. “चालू द्या तुमचं.”

“बाबांना डॉक्टरांनी ओरडायची बंदी केलीय, वहिनी,” लेक म्हणाली. “आवाज चढला की लगेच पट्टा. तुम्ही खुशाल लावा काय लावायचं ते. मी सगळा बंदोबस्त केलाय.”

०

वरची बैठक

“छान म्हणाले?” सासूबाई ताडकन उठून बसल्या. “छान म्हणजे काय? असा शब्द त्यांच्याकडे नाहीच!”

“पोरीच्या धाकानं म्हणाले, आई,” धाकटी म्हणाली.

“म्हणजे काका नादुरुस्त,” नवरा म्हणाला. “मग चाचणी होणार कशी? दुसरं कोणी नाही?”

दुसरं कोणी नव्हतं. बाकीची सगळी गल्ली “वा, काय सुगंध!” म्हणणाऱ्यांची होती, त्यांना कोळसा हुंगायला दिला तरी त्यांनी तेच म्हटलं असतं.

“मी बोलतं करते त्यांना,” सासूबाई म्हणाल्या. त्या जिन्याच्या मध्यापर्यंत उतरल्या, कमरेवर हात ठेवले, आणि गळा साफ केला. “अहो घड्याळवाले! तुमच्याकडून नीट होऊन आलेलं आमचं घड्याळ पुन्हा मागे पडतंय! दुरुस्त करणाऱ्यावर गेलंय वाटतं!”

खालून अगदी मऊ आवाज आला : “हो का? आणून द्या. चूक माझीच असेल.”

सासूबाई तशाच वर आल्या आणि पाणी मागितलं. “चूक माझीच असेल म्हणाले,” त्या म्हणाल्या. “हा माणूस आजारी आहे गं.”

“आणि समजा, चिडवल्यावर ओरडले असते,” नवरा म्हणाला, “तरी ते तुझ्यावर. वासावर थोडंच?” तो म्हणाला ते खरं होतं, आणि म्हणूनच कोणाला आवडलं नाही.

धाकटीनं परातीवरचं ओलं फडकं उचलून बोटानं दाबून पाहिलं. मसाला कडेनं आवळायला लागला होता.

“लेकीला वर बोलावते,” ती म्हणाली. “काका एकटे राहिले की बघू.”

०

दुसरी काडी

लेक आनंदानं आली. दारातच म्हणाली, “अय्या, काय सुगंध आहे!” घरातल्यांनी सवयीनं एकमेकांकडे पाहिलं. सासूबाईंनी तिला पलंगावर बसवलं, पाट दाखवले, जाळ्या दाखवल्या, आणि आपला दंड पुढे केला. “आलीच आहेस तर माझं बघ.” सासूबाईंचं ठीक निघालं. मावशींचं ठीक निघालं. नवऱ्याचं पाहताना लेकीची भुवई वर गेली. “दादा, तुम्ही कसलं टेन्शन घेता?”

“मी? मी कुठं?” नवरा म्हणाला, आणि यंत्रातला आकडा अजून चढला.

इकडे धाकटीनं दुसरी काडी पेटवली. आता काका मोकळे होते. पट्टा वर होता. हाकेच्या अंतरावर कोणी नव्हतं. तिनं वाट पाहिली. काडी एक तृतीयांश गेली, आणि खालून फक्त टिकटिक.

मग मात्र तिला राहवलं नाही. भेगेतली काडी उपसली आणि तशीच जळती हातात धरून ती पायऱ्या उतरली, दुकानात शिरली, आणि काकांच्या नाकापुढे तिनं ती धरली.

काकांनी भिंगातून वर पाहिलं. त्या भिंगात त्यांचा डोळा केवढा तरी मोठा दिसत होता. “छान,” ते म्हणाले.

आणि तेव्हा, इतक्या जवळून, धाकटीला दिसलं. काकांच्या नाकाखाली, मिशीच्या जागी, पांढरट चकचकीत थर होता. बाम. चांगला बोटभर. लेकीचा बंदोबस्त तो हाच. दुसरं कोणीही दुकानाच्या दारातच ओळखलं असतं, अख्ख्या दुकानात बामाचा दरवळ होता. धाकटी सकाळी त्यात उभी राहून गेली होती आणि तिला कळलं नव्हतं.

“अहो काका!” ती जवळजवळ रडकुंडीला आली. “बाम लावून बसलात? आणि मी वर शर्टाची वाट बघतेय!”

“कसला शर्ट?”

“तुमचा! ओरडला नाहीत तर माझी परात जाते! घसा म्हणा, डोळे म्हणा, काहीतरी म्हणा की! तुम्ही ओरडल्याशिवाय आम्हाला कसं कळणार मसाला कसा झालाय ते?”

बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. पण शब्द आता दुकानभर झाले होते.

काकांनी भिंग काढलं. चिमटा खाली ठेवला. घड्याळावर झाकण ठेवलं. हे सगळं इतकं सावकाश, की धाकटी एक पाऊल मागे सरली.

“म्हणजे,” काका म्हणाले, “ती काडी तुम्ही मुद्दाम लावता. जिन्यात. माझ्यासाठी.”

“हो... म्हणजे...”

“आणि मी ओरडतो ते वर उभं राहून ऐकता.”

“लक्ष देऊन ऐकतो, काका. शब्दन् शब्द.”

“इतकी वर्षं!” काकांचा आवाज सुटला. जिना घुमला. “इतकी वर्षं मला वाटलं, निष्काळजी माणसं आहेत, जाऊ दे! इथं स्क्रू उडाले माझे! एका शिंकेत एका बाईच्या लग्नातल्या घड्याळाचा सेकंदकाटा गेला, तो अजून सापडला नाही! मला वाटलं, माझे हात थकले! आणि तुम्ही वर उभं राहून मला... मला थर्मामीटर केलंत?”

लेक यंत्र घेऊन धडाधडा खाली आली, मागून सासूबाई, त्यांच्या मागून दंडावर पट्ट्याचे वळ चोळत नवरा. काका ओरडतच होते. लेकीनं ओरडत्या दंडालाच पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, यंत्र हलवलं, पुन्हा पाहिला.

“बाबा,” ती चक्रावून म्हणाली, “खाली आलंय. सकाळपेक्षा खाली.”

“येणारच!” काका म्हणाले, आणि दम घ्यायला थांबले. थांबल्यावर त्यांना काहीतरी सुचलं. “एक सांगा. शर्ट म्हणजे काय?”

“शर्ट म्हणजे उत्तम,” सासूबाई जिन्यातून म्हणाल्या. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. “शर्ट आल्याशिवाय आमचा एक पुडा बाहेर गेलेला नाही.”

“एकही नाही?”

“एकही नाही.”

काकांनी खुर्ची सावरली. बाही ओढून नीट केली. “म्हणजे ती बदकवाली सगळीकडे जाते ती...”

“तुमच्या शब्दावर.”

काकांनी खिशातला रुमाल काढून बाम खसखसून पुसला. “आणा ती काडी.”

धाकटीनं उरलेलं टोक पुढे केलं. सगळे श्वास रोखून उभे. काकांनी डोळे मिटले, धूर हातानं ओढून घेतला, एकदा हुंगलं, मान कलती केली, पुन्हा हुंगलं.

“आधी जरा कोरडी,” काका म्हणाले. “मग... थांबा. मग गोडसर. नाही. गोडसर नाही, गोडसरपणाच्या अलीकडे. मागून काहीतरी लाकडी येतंय, पण बिचकत येतंय.”

“काका, घसा की डोळे?”

“असं कसं एका शब्दात सांगता येईल? घसा थोडा आहे. डोळे नाही म्हणता येणार नाहीत. आणि शर्टाचं म्हणाल तर...” त्यांनी स्वतःची बाही हुंगली. “शक्यता नाकारता येत नाही.”

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. “झालं! यांना अक्कल आली!”

०

परात, पुन्हा

दिवस कलला होता. मसाला आता बोटाला विरोध करायला लागला होता. मावशी पाटापाशी बसून होत्या, नवरा गठ्ठ्यापाशी. दोघंही धाकटीच्या तोंडाकडे बघत होती.

एक वाट सोपी होती. काका शर्ट म्हणाले होते, सगळ्यांच्या देखत. “शक्यता” गिळून टाकली, तर उरतो तो शर्टच. नवऱ्याला बारकावे ऐकू येत नाहीत, मावशींना ऐकायचे नव्हते, आणि सासूबाई नुकत्याच जिना चढून दारात दम खात होत्या. म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

धाकटीनं परातीवरचं फडकं काढलं.

“आई,” ती म्हणाली, “नागरमोथा एकदा पडलाय की दोनदा, मला आठवत नाही. फोन आला होता. सकाळपासून सांगायची हिंमत होत नव्हती.”

“बघा!” नवरा म्हणाला. त्यानं सुतळी ओढली.

“तू थांब रे,” सासूबाई म्हणाल्या. त्या धाकटीसमोर मांडी घालून बसल्या, गुडघे कटकटले. “धाकटे, तुला कसा हवा होता?”

“म्हणजे?”

“एकदा की दोनदा? तुला. मी सांगितलं ते सोड.”

हा प्रश्न त्या घरात तिला कोणी विचारला नव्हता; चहाबद्दलही नाही. तिला उत्तर मात्र तयार सापडलं, जणू ते पुडे भरता भरता कधीचं भरून ठेवलं होतं. “मला पहिल्यापासून वाटायचं, एक मूठ कमी पडते. लाकूड पुढे यायला हवं.”

“मग दोनदा पडलाय,” सासूबाई म्हणाल्या.

“पण खात्री कुठं आहे, आई?”

“टाक अजून एक मूठ. मग होईल खात्री.”

“आणि आधीच दोन असतील तर तीन होतील!” नवरा ओरडला. “असं कुठं असतं?”

“हिच्या परातीत असतं,” सासूबाई म्हणाल्या. “आणि तू ओरडू नकोस. तुझा आकडा वर आहे.”

धाकटीनं डब्यात हात घातला. मूठ भरली. क्षणभर खाली कान दिला. खाली काका लेकीला ‘गोडसरपणाच्या अलीकडे’ म्हणजे नेमकं कुठं, ते समजावून सांगत होते. तिनं मूठ सोडली, पाणी शिंपडलं, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत आत घातले. मसाला घट्ट होता. ती गुडघ्यांवर आली आणि सगळं वजन घातलं. मावशींनी पाट पुढे ओढला. थोड्या वेळानं सासूबाईंनीही एक पाट ओढला. वळायला मनगट कमी लागतं. नवरा उभ्या उभ्या कंटाळला, मग जाळ्या पुसायला लागला. गठ्ठ्याची सुतळी अर्धवट सुटलेली तशीच राहिली.

काड्या वाळल्या, पुड्यांत गेल्या, बदकं बाहेरच्या बाजूला आली, पुडे दुकानांत पोचले. कोणी नावं ठेवली नाहीत. कोणी वाखाणलंही नाही. लोकांनी नेहमीसारखं बोट दाखवलं, नेहमीसारखा पुडा नेला, आणि तो संपल्यावर दुसरा न्यायला आले.

काका आता ओरडत नाहीत. नवी परात मळली की स्वतः वर येतात, खुर्ची मागतात, काडी मागतात, आणि चहा संपेपर्यंत बोलतात. सासूबाई पडद्याआड म्हणतात, “ओरडायचा तेव्हा उपयोगाचा होता हा माणूस.” धाकटी मान डोलावते, पेला भरून देते, आणि परातीत मूठ सोडताना कोणाकडेही बघत नाही.

सासूबाईंनी आपली पहिली परात मळली, तेव्हा खालचं दुकान रिकामं होतं; कमी-जास्त सांगायला खाली कोणीच नव्हतं.